पाच वर्षांची व्यवस्था, तीस वर्षांपासून

प्रश्न थोडक्यात असा आहे: इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यात न्याय्य आणि टिकाऊ शांतता खरंच शक्य आहे का? १९९३पासून इतके करार झाले, त्यातला एकही का टिकला नाही? आणि न्याय आणि शांतता यातलं एकच मिळणार असेल तर काय घ्यायचं?

मी मुत्सद्दी नाही, पाण्याचा इंजिनिअर आहे. बावीस वर्षं महाराष्ट्रात कालव्यांवर आणि पाणीवाटपाच्या बैठकांत गेली. त्यानंतर २०११ ते २०१५ अशी साडेचार वर्षं एका परदेशी मदत प्रकल्पावर वेस्ट बँकेत, म्हणजे १९६७च्या युद्धापासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टिनी मुलखात होतो, मुक्काम रामल्लाला. जेरुसलेमचं काय, निर्वासितांचं काय, यावर मला मत आहे, पण अधिकारानं बोलता येतं ते विहिरी, नळ आणि सांडपाणी यांच्याबद्दलच. त्या भांडणाचा पीळ पाण्यात जितका उघडा दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सरळ उत्तर: शक्य आहे. 'हजारो वर्षांचं वैर, ते कसं मिटणार' असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते खरं नाही. भांडण शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे आणि जमिनीचं आहे. भाऊबंदकीतल्या कुठल्याही जमिनीच्या वादासारखे त्याला ताबा, मोजणी, जुने कागद आणि मेलेली माणसं असे सगळे पदर आहेत. करार टिकले नाहीत याचं मोठं कारण माझ्या मते हे, की शेवटी कुणाचं काय ते ठरवायचं राहू दिलं आणि 'तोपर्यंत' कसं चालवायचं तेवढंच लिहिलं. तो 'तोपर्यंत' अजून चालूच आहे.

१३ सप्टेंबर १९९३ला वॉशिंग्टनमध्ये पहिल्या ऑस्लो कराराच्या वेळी इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी हात मिळवले, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या चार दिवस आधी दोघांची जी पत्रं एकमेकांना गेली ती फारसं कुणी वाचत नाही. अराफत यांच्या पत्रात इस्रायल या राष्ट्राला शांततेत आणि सुरक्षित नांदण्याचा हक्क आहे, असं मान्य केलेलं आहे. राबिन यांच्या पत्रात पीएलओ, म्हणजे अराफत यांची पॅलेस्टिनी मुक्ती संघटना, ही पॅलेस्टिनी लोकांची प्रतिनिधी आहे, एवढंच. एकानं समोरच्याचं घर मानलं, दुसऱ्यानं समोरच्याचा वकील मानला. सीमा, जेरुसलेम, वसाहती (१९६७ला घेतलेल्या मुलखात उभ्या केलेल्या इस्रायली वस्त्या), निर्वासित हे अवघड विषय पुढच्या बोलण्यांवर ढकलले आणि मधल्या काळाची मुदत ठेवली पाच वर्षं. ती मे १९९९मध्ये संपली. सप्टेंबर १९९५च्या दुसऱ्या ऑस्लो करारानं वेस्ट बँकेचे अ, ब, क असे तीन भाग पाडले. अ आणि ब भागांचा नागरी कारभार पॅलेस्टिनींकडे आला. क भाग, म्हणजे आजच्या हिशेबानं जवळजवळ ६० टक्के जमीन, पूर्ण इस्रायली ताब्यात राहिला. तो टप्प्याटप्प्यानं पॅलेस्टिनींकडे सोपवायचा अशी बोली होती. आजही रस्त्यावर तो जवळपास तसाच आहे.

त्या कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात कलम ४० पाण्याचं आहे. वेस्ट बँकेतले पॅलेस्टिनींचे पाण्याचे हक्क इस्रायल मान्य करतं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. वाचून बरं वाटतं. लगेच पुढचं वाक्य येतं, की हे हक्क किती ते अंतिम वाटाघाटीत ठरेल. तोवर चालू वापर आहे तसा. या चालू वापराचे आकडे जोडलेत ते पाहा. डोंगराखालच्या तीन जलधरांपैकी (जलधर म्हणजे खडकातला भूजलाचा साठा) पश्चिमेकडच्यातून इस्रायलला वर्षाला ३४० दशलक्ष घनमीटर, पॅलेस्टिनींना २२. ईशान्येकडच्यातून १०३ आणि ४२. पूर्वेकडच्यातून ४० आणि ५४, शिवाय तिथलंच आणखी ७८ पुढे शोधून काढायचं. आपल्या मापात सांगायचं तर इस्रायलकडे १७ टीएमसी, पॅलेस्टिनींकडे सव्वाचार. पुढे शोधायचं तेही धरून सगळं मिळून २४ टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांची साठवण २९ आहे. मी तिथं पहिल्यांदा हा तक्ता पाहिला तेव्हा कुठलं पान राहून गेलं की काय म्हणून उलटून बघितलं होतं. एवढ्याशा पाण्यावर एवढं? पण वेस्ट बँक म्हणजे मुळात रायगड जिल्ह्याहून लहान मुलूख.

आता यात कुणाचं खरं? पाऊस पडतो तो वेस्ट बँकेच्या डोंगरांवर. चुनखडीचा खडक, पाणी मुरतं आणि आतून पश्चिमेला सरकत इस्रायलच्या सपाटीवर यार्कोन आणि तानिनिम नद्यांच्या झऱ्यांतून वर येतं. पॅलेस्टिनी म्हणतात, पाऊस आमच्या डोंगरावरचा. इस्रायली म्हणतात, झरे आमच्या शेतातले, आणि १९६७च्या आधीपासून आम्ही ते वापरतोय. दोन्ही खरं आहे. उगम की आधीचा वापर, हा वाद जगातल्या प्रत्येक नदीवर आहे आणि त्यातून वाटा काढता येतो. पण १९६७च्या युद्धानंतर काही महिन्यांतच लष्करी आदेश क्रमांक ९२ आणि १५८ निघाले. पाण्याचा सगळा कारभार लष्कराकडे गेला, परवान्याशिवाय नवी विहीर घेता येईना. म्हणजे १९९५मध्ये जो 'चालू वापर' गोठवला त्यातली अठ्ठावीस वर्षं एका बाजूला विहीर घ्यायलाच बंदी होती. बंदीत झालेल्या वापराला वापर म्हणून हिशेबात धरलं, आणि ते पाच वर्षांसाठीच आहे म्हणून त्या वेळी कुणी फार ताणलं नाही.

वाटप राबवायला एक संयुक्त जल समिती नेमली. दोन्हीकडचे सभासद सारखे, निर्णय एकमतानं. कागदावर याहून समान काय असणार? पण ज्याच्याकडे पाणी आहे त्याला निर्णय झाला नाही तरी चालतं; ज्याच्याकडे नाही त्याचं घोंगडं भिजत पडतं. त्यातून समितीचं काम फक्त वेस्ट बँकेपुरतं, सीमेपलीकडे इस्रायलनं किती उपसलं ते तिच्या कक्षेत येत नाही. काम क भागात असेल तर समितीनंतर लष्कराच्या नागरी प्रशासनाचा वेगळा परवाना. आणि नळ अ भागातून ब भागात न्यायचा तरी वाटेत क भाग आडवा येतोच. पॅलेस्टिनी अधिकाऱ्यांनी आपल्या विहिरी मंजूर व्हाव्यात म्हणून वर्षानुवर्षं वसाहतींच्या नळवाहिन्यांना सही दिली. २०१०च्या सुमारास त्यांनी ती द्यायचं बंद केलं आणि समितीच बसेनाशी झाली. मी तिथं होतो त्या सगळ्या काळात ती बसत नव्हती. जानेवारी २०१७मध्ये तोडगा निघाला: नळवाहिन्या ज्यानं त्यानं समितीला न विचारता टाकाव्यात. म्हणजे वसाहतींच्याही.

माझ्याकडच्या कामांत हेब्रोनच्या दक्षिणेला डोंगरात एक गाव होतं. मेंढपाळांचं, चारशेच्या आत वस्ती. तीन किलोमीटर दोन इंची नळ आणि ५० घनमीटरची टाकी, एवढंच काम. आपल्याकडे एवढं काम ग्रामपंचायत एका उन्हाळ्यात उरकते. गावापासून हाकेच्या अंतरावरून वसाहतीकडे जाणारी मोठी वाहिनी होती, तिच्या व्हॉल्व्हची लोखंडी पेटी आम्हाला अर्जाच्या नकाशात खूण म्हणून दाखवावी लागली. गाव टँकरवर. मी बीडचे टँकर पाहिलेले आहेत, त्यामुळे टँकरचं कौतुक नव्हतं. नवीन होतं ते हे, की टँकर पंचवीस मिनिटांच्या रस्त्याला कधी दोन तास घ्यायचा, कारण मधला महसूम बंद. महसूम म्हणजे तपासणी नाका. शब्द हिब्रू आहे, पण पॅलेस्टिनी आपल्या अरबीतही तो सर्रास वापरतात.  (उलटीकडे तेल अवीवमधली पोरं उठता-बसता 'याल्ला' आणि 'सबाबा' म्हणतात, ते अरबी आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.) पावसाचं पाणी साठवायला खडकात खोदलेली जुनी टाकी असतात, त्यांना तिथं बीर म्हणतात. परवाना नसेल तर तसलं टाकंही पाडलं जातं. आमचा अर्ज एका कार्यालयात दिला, त्याचं नाव घेत नाही. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

वेस्ट बँकेत गाडीतून जाताना गाव कुणाचं ते छपरावरून कळतं. काळ्या टाक्या असतील तर पॅलेस्टिनी, लाल कौलं असतील तर वसाहत. उन्हाळ्यात बेथलेहेम-हेब्रोनकडे नळाला पाणी आठवड्या-आठवड्यांनी येतं, म्हणून घरटी चार-पाच काळ्या टाक्या. बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेनं २०२३च्या अहवालात दिलेला आकडा असा: वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनीला दिवसाला सुमारे ८२ लिटर, इस्रायलीला २४७. आणि हा काही वाळवंटी भाग नव्हे. रामल्लाला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या सोलापूरच्या आसपास.

आता खरी गंमत. ऑस्लोच्या वेळी सगळे म्हणत, पाणीच कमी आहे, भांडण होणारच. त्यानंतर इस्रायलनं समुद्राचं पाणी गोडं करायचे मोठे कारखाने उभे केले. अश्कलोन २००५, पाल्माहिम २००७, हदेरा २००९, सोरेक २०१३, अश्दोद २०१५. आज त्यांच्या पिण्याच्या पाण्यापैकी अर्ध्याहून जास्त समुद्रातून येतं. इंजिनिअर म्हणून मी त्यांना मानतो. गळती रोखणं, सांडपाणी शुद्ध करून शेतीला देणं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. टंचाई संपली. मग डोंगराचं पाणी सोडायला हरकत नव्हती. पण कलम ४०चा तक्ता हलला नाही. पॅलेस्टिनींना जास्तीचं पाणी मिळतं ते विकत, मेकोरोत या इस्रायली राष्ट्रीय कंपनीकडून. त्यांचे अधिकारी मला म्हणायचे, तहान भागते, पण नळाची चावी त्यांच्याकडेच राहते. टंचाई हे कारण होतं असं जे मी कॉलेजात शिकलो ते तिथं मोडलं. भांडण चावीचं होतं.

दुसरी बाजू सांगितली नाही तर उत्तर अर्धवट राहील. इस्रायली सहकाऱ्यांच्या तक्रारी पोकळ नव्हत्या. वेस्ट बँकेच्या उत्तरेला जेनिनकडे विनापरवाना बोअर सर्रास होतात आणि साठा खाली जातो. नाब्लुस-तुलकर्मचं सांडपाणी ओढ्यातून खाली इस्रायलच्या अलेक्झांडर नदीत येतं, हेब्रोनचं बीरशेबाकडे जातं. ते शुद्ध करायचा खर्च इस्रायल पॅलेस्टिनींच्या कराच्या पैशातून परस्पर कापून घेतं. २०१६मध्ये गाझाच्या मैल्यामुळे अश्कलोनचा कारखाना बंद ठेवावा लागला होता. घाण कुंपण मानत नाही, हे दोन्हीकडच्या पाणीवाल्यांना त्यांच्या नेत्यांच्या आधी कळलं होतं.

भीतीही खरी आहे. अश्दोदला माझी एक मावशी आहे. नात्याची नव्हे, अलिबागजवळच्या गावातून साठच्या दशकात गेलेली बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. तिच्याकडे गेलो की शनिवार संपल्यावर चहा, घरात अजून मराठी, आणि नवस फेडायचा असेल तर मलिद्याचं ताट. जुलै २०१४च्या युद्धात मी तिच्याकडे होतो तेव्हा गाझातून येणाऱ्या रॉकेटचा भोंगा वाजला. आसरा गाठायला अश्दोदला ४५ सेकंद मिळतात. इमारत जुनी, आसरा तळघरात, ती तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दोन वेळा आम्ही उतरलो. तिसऱ्यांदा ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तू जा बाबा, माझे गुडघे ४५ सेकंदांत काही ऐकायचे नाहीत." तो भोंगा ऐकलेल्या माणसाला 'आधी कब्जा सोडा, मग सुरक्षितता आपोआप येईल' असं सांगून चालत नाही. २००५मध्ये इस्रायलनं गाझातल्या २१ वसाहती उठवल्या, पण कुणाशी करार न करता, एकतर्फी. जानेवारी २००६ला हमास निवडणूक जिंकली, जून २००७ला तिनं गाझा ताब्यात घेतलं, रॉकेटं वाढली, नाकेबंदी आवळली. इस्रायली मतदारानं त्यातून एक धडा घेतला: सोडलं की हे होतं. मी वेगळा घेतला: करार न करता सोडलं की हे होतं. पण तिसऱ्या मजल्यावर उभं राहून माझा धडा मावशीच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं.

याच मावशीनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. बेने इस्रायल तिथं गेल्यावर धर्मपीठानं त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नं अडली. आपली माणसं जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसली आणि १९६४मध्ये संसदेनं ते पूर्ण ज्यू आहेत असं सांगितलं. "घर दिलं होतं, काम दिलं होतं," ती म्हणाली, "पण ते म्हणेपर्यंत आम्हाला अन्न गोड लागलं नाही." मी विचारलं, मग पॅलेस्टिनींचं? ती जरा गप्प राहिली आणि चहा आणायला उठली.

यावरून सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, न्याय की शांतता. मी न्यायाचे दोन भाग करतो. एक मागचा, एक रोजचा. मागचा म्हणजे इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात, १९४८ला घरादाराला मुकलेले सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी, ज्यांच्या नातवंडांच्या घरात अजून जुन्या कुलपाची किल्ली भिंतीला टांगलेली असते, आणि त्यांना घरी परतू द्यावं असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा डिसेंबर १९४८चा ठराव क्रमांक १९४. त्याच सुमाराला आणि पुढच्या काही वर्षांत बगदाद, सना, कैरो सोडून निघावं लागलेले लाखो ज्यूसुद्धा यात आलेच. हा न्याय पूर्ण कुणालाच मिळणार नाही. डिसेंबर २०००च्या क्लिंटन यांच्या मसुद्यात आणि २००३च्या अनधिकृत जिनिव्हा समझोत्यात त्यावर पर्याय मांडलेले आहेत: नव्या पॅलेस्टिनी राज्यात परत, अदलाबदलीच्या जमिनीवर, आहे त्या देशात, तिसऱ्या देशात, मर्यादित संख्येनं इस्रायलमध्ये, आणि सर्वांना भरपाई. याहून चांगलं मला सुचत नाही. फक्त त्याआधी 'तुमच्यावर अन्याय झाला' एवढं वाक्य कुणीतरी अधिकृतपणे म्हणायला हवं. ते म्हणायला पाणीही लागत नाही, जमीनही लागत नाही, तरी अजून कुणी म्हटलेलं नाही.

रोजच्या न्यायात मात्र मी तडजोड मानत नाही. आज वेस्ट बँकेत एकाच टेकडीवर दोन माणसांनी एकच गुन्हा केला तर वसाहतीतला माणूस इस्रायलच्या नागरी न्यायालयात जातो आणि पॅलेस्टिनी लष्करी न्यायालयात. हे ठेवून शांतता मागणं म्हणजे चारीच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी न सोडता पाणीपट्टी मागण्यासारखं आहे. तो दार फोडणारच. फोडलं ते बरोबर, असं मी म्हणत नाही; आपल्याकडे कालव्याची दारं फोडणाऱ्यांवर गुन्हे दाखल करायला मीच गेलोय. पण गुन्हा दाखल करून पाणी शेपटाला पोचत नाही.

टिकणारी व्यवस्था कशी दिसते हे पाहायला लांब जायला नको. बेथलेहेमच्या पश्चिमेला बत्तीर नावाचं गाव आहे, डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या, वांगी आणि ऑलिव्ह. झऱ्याचं पाणी एका जुन्या हौदात साठतं. गावात आठ घराणी, म्हणून पाळी आठ दिवसांची. बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा, असं आसपासचे लोक थट्टेनं म्हणतात. सकाळी एक जण खुणा केलेली काठी हौदात उभी धरतो, पाणी कुठल्या खुणेपर्यंत आहे ते बघतो आणि त्या दिवसाच्या घराण्याचे हिस्से मोकळे करतो. मला पांझरा-मोसमवरची आपली फड पद्धत आठवली, पाटकरी आणि त्याचं बारं. मी त्या काठीवाल्याला विचारलं, भांडणं होत नाहीत? तो म्हणाला, रोज होतात, पण काठीवरून होत नाहीत.

गावाच्या पायथ्याशी याफा-जेरुसलेम रेल्वे जाते, १८९२ची. एप्रिल १९४९च्या युद्धबंदीची रेघ आखताना रूळ इस्रायलला गेले आणि गावकऱ्यांची काही शेतं रेघेपलीकडे पडली. हसन मुस्तफा या तिथल्या कर्त्या माणसानं खटपट केली आणि सरळ बोली ठरली: गावानं गाडीला धक्का लावायचा नाही, त्या बदल्यात पलीकडची शेतं गावानंच कसायची. मध्ये किती युद्धं झाली, इंतिफादा (पॅलेस्टिनी उठाव) झाले, ही बोली चालू राहिली. पुढे वेस्ट बँकेला वेगळं काढणारी इस्रायलची भिंत इथून न्यायचं ठरलं तेव्हा गावानं न्यायालयात धाव घेतली आणि इस्रायलच्याच निसर्ग आणि उद्यान प्राधिकरणानं भिंतीला विरोध केला. २०१४ला युनेस्कोनं बत्तीर जागतिक वारशात घेतलं आणि भिंत तिथं उभी राहिली नाही. पण पूर्णविराम इथंही नाही: ऑगस्ट २०२४मध्ये त्याच परिसरात नवी वसाहत जाहीर झाली.

जॉर्डनचं उदाहरणही जाता जाता. पन्नासच्या दशकापासून इस्रायल आणि जॉर्डनचे पाणीवाले यार्मूक-जॉर्डन संगमाजवळ गुपचूप भेटत, कागदावर युद्ध चालू असताना. सहलीच्या टेबलावरची बोलणी म्हणूनच ती ओळखली जातात. पण त्याला करार म्हणून बळ आलं ऑक्टोबर १९९४ला, सीमा ठरल्यावर. कुठल्या महिन्यात किती पाणी, कुठे साठवायचं, सगळं परिशिष्टात. १९९९च्या दुष्काळात इस्रायलनं कपात सुचवली, जॉर्डन भडकलं, वाद झाला, करार राहिला. गाझाच्या युद्धातही तो राहिला आहे.

मग काय करायला हवं? माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे आणि त्यातली पहिलीच खरी. शेवट आधी लिहा. १९६७च्या युद्धाआधीची रेघ धरून, ठरलेली अदलाबदल करून सीमा, दोन्हीकडे सार्वभौम देशाचा दर्जा, आणि तारीख. मग टप्पे पाडायचे तेवढे पाडा. 'आधी विश्वास वाढू द्या' हा ऑस्लोचा मंत्र उलटा चालला: १९९३ला वेस्ट बँकेत, पूर्व जेरुसलेम सोडून, वसाहतींतले लोक एक लाखाच्या थोडे वर होते, आज पाच लाखांहून जास्त आहेत. वाट बघण्यातच जमीन गेली. एवढ्या लोकांना उठवणं शक्य नाही म्हणून काही जण आता दोन राज्यं पण एकच मोकळी मायभूमी अशी मांडणी करतात, सीमा असावी पण राहण्या-फिरण्याला आडवी येऊ नये. जलधर सीमा मानत नसल्यामुळे आम्हा पाणीवाल्यांना ती जवळची वाटते, पण सुरक्षेचं उत्तर त्यात अजून कच्चं आहे.

दुसरी, अडलं तर कोण सोडवणार ते लिहा. एका देशातल्या राज्यांनासुद्धा हे आपसांत जमत नाही. कृष्णेसाठी १९६९ला लवाद नेमावा लागला, त्यानं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, आंध्रला ८०० टीएमसी असे आकडे घातले आणि फेरविचार कधी तेही लिहिलं, ३१ मे २०००नंतर. आम्ही त्या निवाड्याला शिव्या घातल्या आणि पाळला. महाराष्ट्रानं कर्नाटकला सांगितलं असतं की तुमचा हक्क मान्य, आकडा नंतर, आणि तोवर समितीत आमचा नकार चालेल, तर?

तिसरी, बॉम्ब टाकणाऱ्याला वाटाघाटी थांबवायचा अधिकार देऊ नका. फेब्रुवारी १९९४ला हेब्रोनच्या मशिदीत एका वसाहतवाल्यानं नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारलं. त्याच वर्षी हमासचे आत्मघाती बॉम्ब इस्रायलच्या शहरांत फुटू लागले. नोव्हेंबर १९९५ला राबिन यांना एका ज्यू तरुणानंच गोळ्या घातल्या. १९९६च्या सुरुवातीला बसगाड्यांत स्फोट झाले आणि मे महिन्यात राबिन यांच्या जागी आलेले पंतप्रधान पेरेस निवडणूक हरले. मार्च २००२ला बैरूतमध्ये अरब देश इस्रायलला पूर्ण मान्यता द्यायचा प्रस्ताव घेऊन बसले, त्याच संध्याकाळी इस्रायलच्या नेतन्या शहरातल्या हॉटेलात सणाच्या पंगतीत हमासनं ३० माणसं मारली. दुसऱ्या दिवशी प्रस्ताव मंजूर झाला, पण वाचला कुणी? दोन्हीकडच्या अतिरेक्यांना शांतता कुठल्या दिवशी मोडायची ते नेहमी बरोबर कळतं, कारण अंतरिम व्यवस्थेत मोडता येण्यासारखे दिवस भरपूर असतात.

७ ऑक्टोबर २०२३ला हमासनं सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ पळवून नेली. ती कत्तल होती, तिला लढा म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. दोन दिवसांत गाझाचं पाणी, वीज, इंधन तोडल्याचं इस्रायलनं जाहीर केलं. वीस लाख लोकांचं पाणी तोडणाऱ्यालाही माझ्याकडे सबब नाही. आमच्या धंद्यात याहून वाईट काम नाही. ऑक्टोबर २०२५च्या युद्धविरामापर्यंत गाझाच्या आरोग्य खात्यानं मोजलेले मृत ६७ हजारांवर होते. १७ नोव्हेंबर २०२५ला सुरक्षा परिषदेनं ठराव २८०३ मंजूर केला. मी तो सवयीनं शेवटाकडून वाचला. पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या (ऑस्लोतून उभं राहिलेलं पॅलेस्टिनी सरकार) सुधारणा आणि गाझाची पुनर्बांधणी पुढे सरकली तर स्वयंनिर्णय आणि राज्य यांच्याकडे जाणाऱ्या विश्वासार्ह मार्गासाठी परिस्थिती तयार होऊ शकेल, असं त्यात आहे. तारीख नाही. ठरवणार कोण, ते नाही. कलम ४०ची आठवण झाली.

त्या गावाच्या अर्जाचं सांगायचं राहिलं. तीन वर्षं दोन महिने तो टेबलावर होता, मी सात वेळा चौकशीला गेलो, प्रत्येक वेळी वेगळा तरुण अधिकारी, सगळे सभ्य. माझ्या परतीच्या आठवड्यात उत्तर आलं: नकाशाची एक प्रत कमी आहे. आम्ही ती जोडून पाठवली.